पाण्याजवळची जागा

४ मे

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. दोन वर्षांनी वहिनीचं पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. हे बरे आहेत. म्हणजे जसे असायचे तसे आहेत. पोटातून डायलिसिस चालू आहे, दिवसाला चार पिशव्या. एक पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी ते पाणी बाहेर काढून दुसरी सोडायची. आता आम्हा दोघांना त्याची इतकी सवय झालीय की मधेच फोन वाजला तरी हात थरथरत नाही.

फोनच करणार होते. पण तुमचा जुना नंबर आता कुणा बाईंना मिळालाय. बोलायला फार गोड आहेत, पण त्यांना मी काय सांगणार. तुम्ही तळ्यांच्या भागात आहात हे ऐकून होते, म्हणून शेवटी तुमच्या जुन्या गॅरेजवाल्याला गाठलं. तुम्ही तळ्यावरच्या कॅम्पमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करता आणि तिथेच काठावरच्या खोलीत राहता, एवढं त्यानं सांगितलं. म्हणून कॅम्पच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय.

विषय असा, की आम्ही सहलीला निघतोय. ह्यांची इच्छा. एक कॅम्पर गाडी भाड्यानं घ्यायची. आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, नळ, सगळं असतं, म्हणजे घरच गुंडाळून बरोबर न्यायचं. जून लागला की निघायचं आणि तळ्यांच्या भागात आठ-दहा दिवस राहायचं. झाडं बघायची, पाणी बघायचं. ह्यांना हॉटेलात राहणं शक्य नाही, पिशव्यांची खोकीच इतकी असतात. शिवाय पिशवी लावताना खोली स्वच्छ लागते, खिडक्या बंद लागतात. कॅम्परमध्ये ते सगळं आपल्या हातात राहतं.

तुम्हाला भेटायला म्हणून येतोय असं नाही. तुम्ही तिथे आहात, एवढंच. मला फक्त माहिती हवीय. गाडी सात मीटरची आहे, तर जंगलातल्या रस्त्यावरून ती आत येईल का? गाडीला लावायला विजेचा खांब मिळतो का, की बॅटरीवरच भागवायचं? पिशवी आधी कोमट करावी लागते, त्याला वीज लागते. आणि पाण्याजवळची एखादी जागा रिकामी असेल का? हे म्हणाले, "इतकं लांब जाऊन झाडाच्या खोडाकडं बघत बसायचं नाही मला."

तुम्हाला पत्र लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही. कॅम्पला लिहितेय म्हणून सांगितलंय, आणि ते खोटंही नाही.

उत्तर दोन ओळींचं चालेल.

तुमची वहिनी


१२ मे

भाऊजी,

उत्तर आलं नाही. टपाल हळू चालत असेल.

इकडे एक गंमत चाललीय, ती तरी सांगते. ह्यांना डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय, मधेच चक्कर येते म्हणून. मग कॅम्पर चालवणार कोण? तर मी. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या माणसाच्या बायकोनं आजवर एक छोटी गाडी तेवढी चालवली, तीही बाजारापर्यंत. आता चोपन्नाव्या वर्षी मास्तरांची शेवटची विद्यार्थिनी झालेय.

गाडी भाड्यानं देणाऱ्यानं सरावासाठी एक जुना कॅम्पर दिलाय. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात आम्ही जातो. मी काम करते त्या कारखान्यातून, तुम्हाला आठवत असेल, बसच्या सीटची कव्हरं शिवून देतो आम्ही, तिथून चारला सुटते आणि हे फाटकाशी उभेच असतात. गळ्यात शिट्टी नाही एवढंच. बाजूला बसतात आणि एकदम जुने मास्तर होतात.

"आरशात काय दिसतंय?"

"मी."

"मग आरसा चुकीचा लावलाय."

परवा मागे घेताना मी खांबाला गाडी घासली. म्हटलं, आता बोलणार. तर म्हणाले, "खांब बरा आहे ना, बघून ये." मी हसता हसता रडायला लागले. ते समोर बघत बसले. मग म्हणाले, "रडून झालं की पहिला टाक."

गाडी शिकवताना त्यांचा आवाज बदलतो, भाऊजी. घरी दिवसभर शब्द निघत नाही. जेवण म्हणजे शिक्षा झालीय, अर्धी पोळी पुढ्यात सुकते. पाय सुजतात. पुस्तक घेतात आणि पान उलटत नाहीत. पण त्या मैदानात ते "क्लच, क्लच" म्हणून ओरडतात, आणि मला वाटतं की हा माणूस अजून आहे.

मी त्या सकाळबद्दल काही लिहिणार नाही, असं ठरवून बसलेय. तुम्हीही तेच गृहीत धरा. मला फक्त विजेच्या खांबाचं कळवा.

वहिनी


१९ मे

भाऊजी,

आता मला सरळ लिहायला हवं.

काल पिशव्यांची खोकी आली. ती आणून देणारा माणूस दर महिन्याला येतो, बोलका आहे, खोकी स्वतः रचून देतो. मी चहा ठेवायला आत गेले होते. तो ह्यांना म्हणाला, "मास्तर, ही शेवटची खेप म्हणालात. मग जूनपासून दुसऱ्या कंपनीचं घेणार का? आमच्यात काही कमी पडलं का?"

हे म्हणाले, "तुमच्यात काही कमी नाही."

तो गेला. मी चहाचे कप तसेच ओट्यावर ठेवले आणि बाहेर आले. हे खोक्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

"शेवटची म्हणजे काय?"

"म्हणजे सहलीला पुरेल एवढी."

"आणि नंतर?"

"नंतर थांबवू."

"थांबवू म्हणजे काय, अहो?"

"थांबवू म्हणजे थांबवू. तुला कळलंय."

मला कळलं होतं. पिशव्या बंद झाल्या की माणूस किती टिकतो हे मला माहीत आहे. महिनासुद्धा नाही. डॉक्टरांशी हे बोलून आलेत, माझ्या नकळत. मी आज कामावर दांडी मारून डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, त्यांना समजावून सांगितलंय, हा निर्णय घ्यायचा त्यांना हक्क आहे. फार चांगलं बोलल्या. टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मला तो डबा फेकून द्यावासा वाटला.

मी घरी येऊन ह्यांच्याशी भांडले. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. हे म्हणाले, "मी दमलोय गं. कंटाळलो नाही, दमलो. यात फरक आहे. तू रागावू नकोस, मी तुझ्यामुळे दमलो नाहीये." मग म्हणाले, "एकदा तळ्यावर जाऊ. नीट जाऊ. मग बघ, मला काही त्रास होणार नाही, झोप येत जाते म्हणे."

म्हणजे मी इतके दिवस मैदानात गिअर बदलायला शिकत होते ते ह्यांना तिकडे सोडून यायला.

आता माझं खरं सांगते. सहलीला मी हो म्हटलं ते तुमच्यामुळे. ते शेवटच्या पिशवीचं मला काल कळलं, पण तुमचं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. तळ्यांचा भाग म्हणाले तेव्हाच मी मनात म्हटलं, तिथे धाकटे आहेत. दोघं समोरासमोर आले तर काहीतरी होईल. विजेचा खांब वगैरे सगळं वरवरचं.

काहीतरी म्हणजे काय, तेही लिहून टाकते. मला तुमची किडनी हवीय.

तुमचं जुळलं होतं. सगळ्या तपासण्यांत जुळलं होतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या की सख्ख्या भावांतही इतकं क्वचित जुळतं. माझं रक्त जुळत नाही, वर साखर आहे, मला कुणी दारातही उभं करत नाही. मूलबाळ आम्हाला नाही. यादीत नाव आहे, पण यादी कशी चालते हे तुम्हाला माहीत आहे. तारीख ठरली होती. ह्यांनी दवाखान्याचे कपडे घातले होते. मी खिडकीत उभी राहून तुमची वाट बघत होते, आणि प्रत्येक गाडीतून तुम्ही उतरताय असं मला वाटत होतं.

मी तुम्हाला का नाही आलात असं विचारणार नाही. मला कारण नको. मला तुम्ही हवे आहात. लाज सोडून मागतेय. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो, त्याला ते कुणाचं आहे हे दिसत नाही.

मी घरात आले तेव्हा तुम्ही सातवीत होतात. तुमचे डबे मी भरलेत, असं मी आजवर कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतेय.

आम्ही एक तारखेला निघतोय.

वहिनी


२६ मे

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "येऊ नका. इथे जागा नाही. दादाला सांभाळा." दोन ओळींचं चालेल असं मी लिहिलं होतं, तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत. उपकार झाले.

मी कॅम्पच्या ऑफिसात चौकशी केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात निम्म्या जागा रिकाम्या आहेत. फोनवरच्या बाईंनी पाण्याजवळचीच जागा दिली आणि विजेचा खांबही आहे म्हणाल्या. आधी त्यांनाच विचारायला हवं होतं.

दादाला सांभाळा, हे मात्र छान लिहिलंत. चार वर्षं मी दुसरं काय करतेय? त्यांच्या पोटातल्या नळीभोवतालची कातडी मी माझ्या तळहातापेक्षा जास्त वेळा पाहिलीय. पाणी बाहेर आलं की पिशवी छापील कागदावर धरायची आणि पलीकडची अक्षरं वाचता येतात का बघायचं. आली वाचता तर पाणी स्वच्छ, नाही आली तर आत जंतू शिरलेत, लगेच दवाखाना गाठायचा. हे मी चार वर्षं न चुकता करतेय. तुम्ही एकदा सांभाळायचं होतं, एक सकाळ.

नाही. हे खोडायला हवं, पण दुसरा कागद घ्यायला उठले तर पत्र टाकायचंच नाही असं ठरवेन. तसंच राहू दे.

आम्ही येतोय. तुम्ही नका भेटू. पण ह्यांना तुमची खोली लांबून दिसू दे, तुमचा दिवा दिसू दे. कदाचित तेवढ्यानंही ते आणखी एक खोकं मागवतील. मी आता एवढ्यावर आलेय.

वहिनी


४ जून, तळ्यावरून

भाऊजी,

ही चिठ्ठी कॅम्प सांभाळणाऱ्या बाई घेऊन येतायत. त्यांची बोट आहे आणि तुम्ही पलीकडच्या बेटावर जाऊन राहिलात हे त्यांना माहीत आहे.

आम्ही परवा दुपारी पोचलो. गाडी मी आणली, पूर्ण रस्ता. जंगलात शिरल्यावर फांद्या टपावर घासत होत्या आणि हे म्हणत होते, "घाबरू नको, फांद्या नरम असतात." तुमच्या खोलीला कुलूप होतं. शेडमध्ये एक इंजिन उघडं टाकलेलं, पान्हे जमिनीवर. बाई ओशाळून म्हणाल्या, "आत्तापर्यंत इथेच होते. तुमची गाडी वळताना दिसली, तशी बोट काढली त्यांनी."

ह्यांनी ते ऐकलं. पाण्याकडे तोंड करून खुर्ची टाकायला सांगितली. नंतर मला म्हणाले, "तू त्याला कळवलं होतंस." मी हो म्हटलं. "काय कळवलंस?" मी सांगितलं नाही, पण ह्यांना ते कळलं. कालचा पूर्ण दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पिशवी लावतानासुद्धा नाही.

आता जे झालंय ते. आज सकाळपासून ते अंगावर शाल घेऊन बसलेत, इतक्या उन्हात. मी कपाळाला हात लावायला गेले तर हात बाजूला केला. दुपारची पिशवी मीच काढली. कागद धरला. भाऊजी, एक अक्षर दिसत नाहीये. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं आलंय.

मी विचारलं, सकाळी कसं होतं? सकाळची त्यांनी स्वतःच लावली होती, मी पाणी भरायला गेले होते तेव्हा. म्हणाले, "सकाळीही असंच होतं. मी ओतून टाकलं." इतक्या शांतपणे म्हणाले. "तुला सांगायचंच नाही म्हटलं. इथे बरं वाटतंय. इथेच राहू."

पोट दुखतंय, दाबलं की ओठ आवळतात. मला ह्यांना इथे मरताना बघायचं नाही. जंतूंनी तर नाहीच. हे झोप लागल्यासारखं नसतं, मी दवाखान्यात एकाला पाहिलंय.

मी ह्यांना गाडीत आणून झोपवलं आणि चावी फिरवली. माझे पाय इतके लटपटताहेत की क्लच दाबला जात नाही. दोनदा गाडी बंद पडली. बाई म्हणतात, रुग्णवाहिका या रस्त्यानं यायला फार वेळ लागेल, त्यापेक्षा गाडीच बाहेर काढा. पण बाईंना एवढी मोठी गाडी येत नाही.

मला काही नको. किडनी नको, कारण नको. मागच्या पत्रांतलं सगळं फाडून टाका. तुला गाडी येते. तुला ह्यांनीच शिकवलीय. तू ये. ये रे बाळा. लवकर ये.


१३ जून, दवाखान्याच्या आवारातून

भाऊजी,

तुम्ही रोज संध्याकाळी येता, तेव्हा समोर बसून हे बोलता येईल असं वाटलं होतं. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा इंजिनाचं तेल किती महाग झालंय यावर येऊन पोचले. म्हणून पुन्हा पत्रच. तुम्हाला वाचायची सवय झालीय, मला लिहायची.

मी अजून कॅम्परमध्येच राहते, इथे आवारात, शववाहिनी उभी असते तिच्या शेजारी. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं मुदत वाढवून दिली. तळ्याकाठच्या सहलीला निघालेली बाई दवाखान्याच्या कुंपणाशी चूल मांडून बसलीय. पहारेकरी मला "कॅम्पवाल्या बाई" म्हणतो.

आधी तुम्ही जे पाहिलं नाहीत ते सांगते. त्या दिवशी तुम्ही गुडघ्यापर्यंत भिजून आलात, माझ्याकडे न बघता चालकाच्या जागी बसलात आणि गाडी काढलीत. मी मागे ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन होते. ह्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, शुद्ध जातेय. चढाला तुम्ही तिसऱ्यातच गाडी रेटत होतात, ती धापा टाकायला लागली. तेव्हा डोळे न उघडता हे म्हणाले, "दुसऱ्यात घे." तुम्ही घेतलात. दोन वर्षांत ह्यांनी तुमच्याशी बोललेले हे पहिले शब्द. पुढच्या वळणाला "आतून नको, बाहेरून" म्हणाले, तुम्ही "हो" म्हणालात. तुम्हाला पुढून दिसलं नसेल, ह्यांनी माझा हात धरला होता आणि प्रत्येक गिअरला तो दाबत होते.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. पोटातली नळी काढावी लागली. पिशव्यांचा विषय संपला. आता मानेतून नळी घालून मशीनवर रक्त धुतात, आठवड्यातून तीनदा. अजून काही दिवस काहीही होऊ शकतं असं डॉक्टर म्हणत होते, ते परवापासून म्हणायचे थांबलेत.

रविवारी तुम्ही वऱ्हांड्यात डॉक्टरांना थांबवून म्हणालात, "माझी घ्या. माझं जुळतंय." दार अर्धं उघडं होतं. ह्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगातून वीज गेली. मी मनातल्या मनात तारीख धरायला लागले.

तुम्ही गेल्यावर ह्यांनी मला पलंगावर बसायला सांगितलं.

"तू मागितलीस ना त्याच्याकडे?"

"मागितली."

"आता ऐक. त्या दिवशी मी ते कपडे घालून बसलो होतो. तू खिडकीत होतीस. नऊ वाजले, तो आला नाही. तुला काय वाटत होतं ते मला पाठीवरून कळत होतं. मला काय वाटलं सांगू? मला भूक लागली."

मला समजलं नाही. ते म्हणाले, "आदल्या आठवडाभर माझ्या पोटात अन्न जात नव्हतं. आपल्यामुळे पोराचं पोट फाडणार. त्याला काही झालं तर मी कुणाच्या जिवावर चालतोय, हे रोज उठून आठवायचं. तो आला नाही आणि मला हायसं वाटलं. हे तुला सांगता येईना. तू इतकी रडत होतीस. त्यालाही सांगता येईना, कारण तो पळाला. आणि मग इतके दिवस गेले की सांगायला तोंडच राहिलं नाही."

दोन वर्षं, भाऊजी. तुम्ही तिकडे तोंड लपवून इंजिनं खोलत होतात, हे इकडे गप्प, आणि मी मधे उभी राहून तुम्हा दोघांच्या वतीनं दातओठ खात होते.

मग ह्यांनी सौदा मांडला. शब्द त्यांचाच. म्हणाले, "मी मशीनवर बसेन. आठवड्यातून तीनदा तर तीनदा. यादीत नाव राहू दे, नंबर लागला तर घेऊ. शेवटची खेप वगैरे पुन्हा तोंडातून काढणार नाही. पण त्याच्याकडे तू परत मागायचं नाहीस. आणि त्यानं दिली तरी मी घेणार नाही, हे त्याला तू सांगायचंस. मी सांगितलं तर तो रडेल, मग मी रडेन, आणि ते नर्सबाईंना आवडत नाही."

हे माझ्या उत्तराची वाट बघत होते. बाहेर पडून मी कॅम्परमध्ये जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. किती सोपं होतं ते. तुम्ही हो म्हणालात, जुळतंय, आणि मला तुमचं हो परत करायला सांगताहेत. यादीत ह्यांचा नंबर लागेल का, तोवर मशीन आणि हे एकमेकांना सोसतील का, कुणाला ठाऊक. पण दुसरीकडे शेवटची खेप होती. मी परत वर गेले आणि शब्द दिला.

तर तो तुमच्यापर्यंत पोचवतेय. तुमची किडनी तुमच्याकडे ठेवा. ह्यांना ती नको आहे, कधीच नको होती. तुम्ही त्या दिवशी घाबरलात म्हणून पळालात असं परवा मला सांगितलंत, "भीती वाटली वहिनी, बस," एवढंच. मला ते पुरलं. मी शब्द दिलाय, मनानं अजून दिलेला नाही, हेही तुम्हाला कळलेलं बरं. कधी तुमच्याकडे टक लावून बघताना दिसले, तर समजून घ्या आणि विषय बदला.

आता खरं काम. डॉक्टर म्हणतात, ह्यांना निदान दोन-तीन महिने इथून हलवू नका. मशीन याच दवाखान्यात. मला मात्र पुढच्या आठवड्यात कामावर हजर व्हायला हवं, नाहीतर जागा जाईल. शनिवार-रविवार मी येत जाईन. मधले दिवस ह्यांना तुमच्याकडे राहावं लागेल. मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय, ह्यांनीही हो म्हटलंय. पलंग खिडकीपाशी टाका, पण उजव्या कुशीला भिंत हवी. दिवसाला पाणी मोजून द्यायचं, ते जास्त मागतील, द्यायचं नाही. केळी घरात आणू नका. मशीनवरून उतरल्यावर तासभर तरी ते कुणाशी बोलत नाहीत, मनावर घेऊ नका.

मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसातला ह्यांना इथे पोचवायचं. शनिवारी मी असेन. बाकीचे दोन दिवस तुमचे. रस्ताभर ते तुमच्या गाडी चालवण्यात चुका काढतील. काढू द्या.

तुमची वहिनी